शिरूरचा रविवार, यरुशलेमचा शुक्रवार

धारवाड भागातल्या शिरूर गावी एक कानडी शिलालेख आहे. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळशी या शिरूरचा काही संबंध नाही. तरी लातूरच्या इतिहासाची चर्चा निघाली की या लेखाचा उल्लेख हटकून होतो. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष पहिला याला त्यात ‘लट्टलूरपुरपरमेश्वर’ हे बिरुद लावलेले आहे आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. लातूरकरांना त्या बिरुदाचा अभिमान वाटावा हे साहजिकच. पण इतिहासाच्या पद्धतीचा विचार केला, तर त्या लेखातला अधिक मोलाचा भाग बिरुद नसून तिथी आहे. शक ७८८, व्यय संवत्सर, राजाच्या कारकिर्दीचे बावन्नावे वर्ष, ज्येष्ठ अमावास्या, रविवार आणि त्या दिवशी लागलेले सूर्यग्रहण, असा तो तपशील. गणित करून पाहिले की हा दिवस १६ जून ८६६ येतो. शकाचे वर्ष ‘गत’ (संपलेले) न धरता ‘वर्तमान’ (चालू) धरले, तर ती अमावास्या एक वर्ष मागे जाते आणि रविवार हुकतो. महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) न धरता पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) धरला, तर ती मे महिन्यात सरकते आणि पुन्हा वार हुकतो. एकाच वाटेने गेले तर तिथी, वार आणि ग्रहण ही तिन्ही एका दिवशी येऊन मिळतात. त्या वाटेने गेल्यावर शंकेला जागा फारशी उरत नाही.

याच पद्धतीने जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शुक्रवाराची तारीख ठरवण्याचा प्रयत्न निदान अठराशे वर्षे चालू आहे. येशूला यरुशलेममध्ये वधस्तंभावर खिळले तो शुक्रवार होता, हे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांवरून निघते. तो वल्हांडण सणाच्या सुमाराचा होता, म्हणजे निसान महिन्याच्या पौर्णिमेच्या आसपासचा, हेही चौघांना मान्य आहे. तिथी आहे, वार आहे, चंद्राची कला ठाऊक आहे. मग शिरूरच्या रविवारासारखा यरुशलेमचा शुक्रवारही का सापडू नये? या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांत ‘शुक्रवार ३ एप्रिल ३३’ हे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत फार गाजले. कॉलिन हम्फ्रीज आणि डब्ल्यू. जी. वॉडिंग्टन या ऑक्सफर्डच्या दोघा संशोधकांनी १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते मांडले आणि पंचांग व ग्रहण यांचा आधार दिला. हे उत्तर चूक आहे असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की पंचांगाकडून जेवढी साक्ष मिळू शकते तिच्यापेक्षा जास्त साक्ष इथे काढली गेली आहे. आणि ती कुठे जास्त झाली हे कळायला शिरूरचा लेख हा चांगला मापदंड आहे.

मराठी वाचकाला या मापदंडाची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. तिथी आणि वार यांची सांगड घालून शिलालेखांचे दिवस काढण्याचे काम ज्यांनी शास्त्राच्या पातळीवर नेले, त्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित हे कोकणातल्या मुरूडचे गृहस्थ अग्रभागी होते. गुप्त राजांच्या लेखांवर जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ मध्ये जो मोठा ग्रंथ काढला, त्यातले तिथींचे गणित दीक्षितांचे. गुप्त शक केव्हा सुरू झाला याबद्दल तोवर मोठी मतभिन्नता होती. मध्य प्रदेशातल्या एरण येथील स्तंभलेखात बुधगुप्ताच्या काळची तिथी आहे: गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. ती २१ जून ४८४ या दिवशी नेमकी बसते आणि गुप्त शकाचा आरंभ ३१९-३२० च्या सुमारास पडतो, हे या गणिताने पक्के झाले. पुढे १८९६ मध्ये दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत भारतीय पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथ आणि त्याच वर्षी मराठीत भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला. बागलकोटचे वेंकटेश बापूजी केतकर त्याही पुढे गेले. १९२३ च्या त्यांच्या कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथात भारतीय पंचांगांच्या जोडीला चिनी, ज्यू, कॉप्टिक आणि ख्रिस्ती धर्मपीठाचे पंचांगही आले आहे. शककर्ते आणि कैसर यांना एकाच गणिताच्या पट्टीने मोजण्याची सवय या मंडळींना होती. म्हणून त्यांच्या शिस्तीने यरुशलेमच्या शुक्रवाराकडे पाहिले, तर तो उपरेपणा ठरत नाही.

पहिली अडचण अशी, की शुभवर्तमाने वधाचे वर्ष सांगत नाहीत. ते बाहेरून आणावे लागते. शिक्षा देणारा पंतय पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा रोमन अधिकारी होता, हे योसेफस या यहूदी इतिहासकाराच्या लिखाणावरून निघते. पिलाताचे नाव असलेला दगड १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडला. लूकने योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या कार्याचा आरंभ तिबेरियस कैसराच्या पंधराव्या वर्षी झाला असे सांगितले आहे. ऑगस्टस वारला १९ ऑगस्ट १४ रोजी. तिथून मोजले की पंधरावे वर्ष २८-२९ येते. म्हणजे वधाची मुदत फार तर अकरा वर्षांची, आणि प्रत्यक्षात त्याहूनही आखूड. आता त्या अकरा वर्षांत निसानची चतुर्दशी कोणत्या वारी आली, हे पाहणे एवढेच पंचांगाचे काम उरते.

पण ते पंचांग कसले? इथे मराठी वाचकाची बाजू युरोपीय वाचकापेक्षा बळकट आहे. चंद्राचे महिने, सूर्याचे वर्ष आणि दोहोंचा मेळ घालायला मधूनमधून येणारा अधिक महिना, हे यहूदी पंचांगाचे रूप आपल्याला अनोळखी नाही. कोकणातले बेने इस्राएल अदार महिन्याच्या पौर्णिमेला येणाऱ्या पुरीमला होळीचा सण म्हणत आले, यातच सगळे आले. अदार जर फाल्गुन, तर निसान म्हणजे चैत्र आणि वल्हांडण हनुमान जयंतीच्या सुमारास. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ते तसेच पडले. पण २०२१ मध्ये वल्हांडण २७ मार्चच्या रात्री, म्हणजे आपल्या होळीच्या आदल्या रात्री आला आणि हनुमान जयंती २७ एप्रिलला. दोन्ही पंचांगांना अधिक महिना मान्य. तो कोणत्या वर्षी घालायचा याचे नियम वेगळे, एवढ्यानेच एक महिन्याचा फरक. आज निदान दोन्हीकडे नियम लिखित आहेत. येशूच्या काळी यरुशलेममध्ये तसा नियम नव्हता. महिन्याचा आरंभ चंद्राची कोर डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदारांच्या जबानीवर ठरे. साक्षीदारांची उलटतपासणी होई. दुसऱ्या गमालिएल या धर्मगुरूने चंद्राच्या आकृती काढलेल्या फळ्या ठेवल्या होत्या आणि ‘असा दिसला की असा?’ म्हणून तो विचारी. निर्णय झाला की डोंगरमाथ्यांवर जाळ पेटवून तो पुढच्या डोंगरांना कळवत. शोमरोनी लोक खोडसाळपणे भलत्याच रात्री जाळ पेटवू लागल्यावर जासूद पाठवण्याची पद्धत आली, असे मिश्ना हा यहूदी नियमग्रंथ सांगतो. अधिक महिन्याचे तर याहून मोकळे. जव पिकले नाहीत, कोकरे अजून कोवळी आहेत, पारव्याची पिले पुरती वाढली नाहीत, म्हणून वर्षात तीस दिवस वाढवतो, असे गमालिएलच्या नावाने पाठवलेले पत्र तालमूदमध्ये आहे. आपल्याकडे धोंड्याचा महिना यायला सूर्याचे संक्रमण चुकावे लागते. तिथे कोकरू लहान असले तरी पुरे.

असे असताना गणित कोणत्या बळावर करायचे? उत्तर असे, की साक्षीदार खरे असतील तर त्यांना चंद्र दिसण्याची संध्याकाळ गणिताने बऱ्याच खात्रीने काढता येते. जे. के. फॉदरिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोर दिसण्याचे निकष बांधले आणि १९३४ मध्ये याच प्रश्नाला लावले. आयझॅक न्यूटननेही, त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये छापलेल्या ग्रंथात, हाच खटाटोप केला होता आणि शेवटी २३ एप्रिल ३४ वर येऊन थांबला होता. आजच्या गणिताने २६ ते ३६ या वर्षांतली निसानची चतुर्दशी अशी पडते: २६ साली रविवारी, २७ साली गुरुवारी, २८ साली मंगळवारी, २९ साली सोमवारी, ३० साली शुक्रवारी, ३१ साली मंगळवारी, ३२ साली रविवारी, ३३ साली पुन्हा शुक्रवारी, ३४ साली बुधवारी किंवा अधिक महिना धरला तर गुरुवारी, ३५ साली मंगळवारी, ३६ साली शनिवारी. दोन शुक्रवार मिळाले. ३० साली २४ मार्चच्या संध्याकाळी कोर दिसून महिना लागला आणि चतुर्दशी ७ एप्रिलला आली. ३३ साली २० मार्चच्या संध्याकाळी कोर दिसली आणि चतुर्दशी ३ एप्रिलला. ढग आले, साक्षीदार उशिरा पोचले, तर एखाद्या वर्षी वार एकाने सरकेल. पण २८, २९, ३१, ३५ ही वर्षे शुक्रवारपासून इतकी दूर आहेत की ढगांच्या आडोशानेही ती शुक्रवारी येत नाहीत. नकार देण्यात पंचांग पक्के असते. त्याची खरी ताकद इथे आहे आणि ती मी कमी लेखत नाही.

इथे एक शंका साहजिकच निघते. आज आपण गणिताने मागे जाऊन ‘३ एप्रिल ३३ हा शुक्रवार’ म्हणतो. पण सात वारांची माळ मधे कुठे तुटली नाही, एखादा दिवस गळला नाही, हे कशावरून? पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस वगळले, हे शाळेतही शिकवतात. मात्र तेव्हा तारखा गळल्या, वार गळले नाहीत. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. त्याआधीच्या काळासाठी पुरावा हवा असेल तर तो रोमकडे मागण्याचे कारण नाही. शिरूरच्या कारागिराला ज्यूलियन तारखा ठाऊक नव्हत्या. त्याने रविवार कोरला, ग्रहण कोरले. ग्रहणाचा दिवस आकाशाच्या गणिताने ठरतो, त्याला कोणाच्या वारगणनेची गरज नाही. तो दिवस आजच्या माळेने मागे गेले तरी रविवारच निघतो. ३ एप्रिल ३३ आणि १६ जून ८६६ यांत ३,०४,३२७ दिवसांचे अंतर आहे. सातने भागले की दोन उरतात आणि शुक्रवारपुढे दोन म्हणजे रविवार. एरणचा गुरुवार त्याच माळेत चारशे वर्षे आधीचा मणी आहे. निदान ४८४ पासून पुढे माळ अखंड आहे याची ग्वाही मध्य भारतातला एक स्तंभ देतो, आणि तीही यरुशलेमच्या वादाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांच्या हातून आलेली आहे. त्यामागच्या साडेचारशे वर्षांसाठी यहूदी लोकांचा शब्बाथ आहे. सातव्या दिवशी काम न करण्यावर ज्यांनी आपली ओळख टेकवली, ते इतस्ततः विखुरलेले लोक एकाच वेळी वार चुकले असतील हे मला संभवनीय वाटत नाही.

याहून कठीण आक्षेप शुभवर्तमानांच्या आतूनच येतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या कथनात येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन आहे. कोकरू चतुर्दशीच्या दुपारी मारत आणि सूर्यास्तानंतर, म्हणजे यहूदी हिशेबाने पंचदशी लागल्यावर, खात. तेव्हा वधाचा शुक्रवार हा पंधरावा निसान ठरतो. योहान मात्र सांगतो, की येशूवर आरोप ठेवणाऱ्या पुढाऱ्यांना त्या सकाळी विटाळ नको होता, कारण वल्हांडणाचे भोजन त्यांना अजून करायचे होते. म्हणजे शुक्रवार चौदावा. एका दिवसाचा हा फरक मिटवण्यासाठी फ्रेंच विदुषी आनी झोबेर यांनी १९५७ मध्ये एक धाडसी तोड काढली. मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत ३६४ दिवसांचे पंचांग मानणारा पंथ दिसतो. ३६४ ला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून त्यांचे सण दर वर्षी ठरलेल्या वारीच येत आणि वल्हांडणाचे भोजन मंगळवारी रात्री. येशूने त्या पंचांगाने मंगळवारी भोजन केले आणि यरुशलेमच्या मंदिराच्या पंचांगाने चतुर्दशीला, शुक्रवारी, त्याचा वध झाला, असा हा मेळ. हम्फ्रीज यांनीच २०११ मध्ये दुसरे एक जुने पंचांग पुढे करून ते भोजन बुधवारी नेले.

एका समाजात एकाच वेळी दोन पंचांगे चालावीत, हे मुळात अशक्य नाही. राष्ट्रकूटांच्याच घरात पाहा. अमोघवर्षाचा बाप गोविंद तिसरा याचा एक कानडी ताम्रपट शक ७२६ मधल्या वैशाख वद्य पंचमीचा, गुरुवारचा आहे. तो ४ एप्रिल ८०४ रोजी बसतो, पण महिना पौर्णिमान्त धरला तरच. अमान्त धरला तर पंचमी मे महिन्यात जाते आणि गुरुवार मिळत नाही. मुलाच्या शिरूर लेखात मात्र अमान्त महिनाच लागतो. बासष्ट वर्षांत, एकाच राजवंशात, महिना मोजण्याच्या दोन रीती. मराठवाड्याला तर हे आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंतचे आहे: निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर आजूर, दै, बहमन असे फसली महिने, मशिदीत हिजरी, घरात शालिवाहन शक आणि इंग्रजांशी पत्रव्यवहार करायचा तर इसवी सन. म्हणून ‘दोन पंचांगे कशी असतील?’ हा झोबेर यांच्यावरचा आक्षेप मला पोकळ वाटतो. खरा आक्षेप वेगळा आहे. गोविंदाच्या ताम्रपटात पौर्णिमान्त महिना आपण मानतो, कारण ताम्रपटावरचा वार तसे मानायला भाग पाडतो. येशू किंवा त्याचे शिष्य कुमरानच्या पंथाचे पंचांग पाळत होते, असे कोणत्याही शुभवर्तमानात कुठेही सुचवलेले नाही. ते पंचांग मजकुरातून निघत नाही. दोन मजकुरांतली फट बुजवायला बाहेरून आणून बसवलेले आहे. लेखातल्या तिथीने गणिताला वाकवावे, हे ठीक. गणिताच्या सोयीसाठी लेखकाला माहीत नसलेले पंचांग त्याच्या हाती द्यावे, हे दीक्षितांच्या शिस्तीत बसले नसते.

फट उघडी ठेवूनच पाहिले तरी फारसे बिघडत नाही, हे या वादात पुरेसे लक्षात घेतले जात नाही. समजा मार्क बरोबर आणि शुक्रवार पंधरावा. मग चतुर्दशी गुरुवारी हवी आणि वरच्या यादीत गुरुवार फक्त २७ साली आणि, अधिक महिना मानला तर, ३४ साली आहे. २७ साल लूकच्या पंधराव्या वर्षाच्या आधी पडते. ३४ साल पौल या प्रेषिताच्या आयुष्यक्रमाशी जुळवणे जवळजवळ अशक्य होते. त्याकडे पुढे येतोच. म्हणजे तीन साक्षीदार एका बाजूला आणि योहान दुसऱ्या बाजूला असला, तरी या मुद्द्यावर पंचांग योहानाकडे झुकते. पण झुकते म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. काही लेखक इथे विजयाने सांगतात, की बघा, चतुर्दशी आणि शुक्रवार यांचा योग खरोखरच आला होता, तेव्हा योहानाचे कथन सिद्ध झाले. वार सात आहेत. अकरा वर्षांच्या मुदतीत एखादी तिथी शुक्रवारी एकदा-दोनदा येणारच. योहानाने चतुर्दशी केवळ कल्पनेने लिहिली असती, तरीही दोन शुक्रवार मिळालेच असते. शिरूरला तसे नाही. तिथे वर्ष आधीच सांगितलेले आहे, संवत्सर सांगितले आहे. त्या एकाच वर्षातल्या एकाच अमावास्येला वार जुळतो का आणि ग्रहण लागते का, अशी ती परीक्षा होती, आणि ती फसू शकली असती. यरुशलेमच्या बाबतीत आपण अकरा पेट्या उघडून हवी ती वस्तू सापडेपर्यंत शोधतो. शोध आणि परीक्षा यांतला हा फरक विसरला, की पंचांगाच्या तोंडी नसलेले शब्द घातले जातात.

योहानाने तिथी कल्पनेने लिहिली असेल, ही शंका काही मी उगाच काढलेली नाही. कोकरे कापली जातात त्याच दुपारी येशूचा प्राण जावा, यात ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने खोल अर्थ आहे, आणि अर्थासाठी लेखकाने दिवस एकाने मागे घेतला असेल, असे अनेक अभ्यासक म्हणतात. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. मात्र येशूला वल्हांडणाचे कोकरू म्हणणारा पहिला लेखक योहान नव्हे. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौल ते म्हणतो आणि ते पत्र सर्व शुभवर्तमानांच्या आधीचे, वधानंतर सुमारे पाव शतकातले आहे. रूपक इतके जुने असेल, तर ते तिथीतून जन्मले की तिथी त्यातून, हे ठरवणे कठीण जाते. दुसरे असे, की सणाच्या पहिल्याच पवित्र दिवशी यहूदी न्यायसभा भरली, शिपाई शस्त्रे घेऊन निघाले, प्रेतासाठी कापड विकत घेतले गेले, हे मार्कच्या कथनातले तपशील पंचदशीला अवघड जातात आणि चतुर्दशीला सहज बसतात. याच कारणाने माझा कल योहानाकडे आहे. शुक्रवार मिळाला म्हणून नाही.

आता ग्रहण. येशू वधस्तंभावर असताना दुपारी तीन तास अंधार पडला, असे पहिली तीन शुभवर्तमाने सांगतात. ते सूर्यग्रहण नव्हते, हे सांगायला दुर्बीण लागत नाही. पौर्णिमेला सूर्यग्रहण होत नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभी ज्यूलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती इतिहासकारानेच हे स्पष्ट केले. थॅलस नावाच्या लेखकाने त्या अंधाराला ग्रहण ठरवले होते. आफ्रिकानसने उत्तर दिले, की वल्हांडण चंद्राच्या चौदाव्या दिवशी येतो, तेव्हा चंद्र सूर्याखाली येईलच कसा? स्वधर्मातला चमत्कार नैसर्गिक ठरवण्याचा मोह पंचांगाच्या जोरावर नाकारणारा हा माणूस मला फार आवडतो. हम्फ्रीज आणि वॉडिंग्टन यांनी मग सूर्याऐवजी चंद्र घेतला. ३ एप्रिल ३३ च्या संध्याकाळी यरुशलेममध्ये चंद्र उगवला तो अंशतः ग्रस्तच, आणि सुमारे अर्ध्या तासात ग्रहण सुटले. प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र याच्या प्रवचनात योएल संदेष्ट्याचे भाकीत येते, त्यात चंद्र रक्तासारखा होण्याची गोष्ट आहे. दोन्ही जोडून त्यांनी ३३ साल पक्के केले. गणित अचूक आहे. ग्रहण झाले होते. पण ब्रॅडली शेफर यांनी १९९० मध्ये दाखवले, की क्षितिजावर, संधिप्रकाशात, तेवढे खंडग्रहण लोकांच्या लक्षात येणेच कठीण, मग रक्तवर्ण तर दूरच.

शेफर चूक असते तरी युक्तिवादाचा सांधा ढिलाच राहिला असता. शिरूरचे ग्रहण लेखात आहे. दान देणारा ते सांगतो आणि आपण आकाशात पडताळतो. यरुशलेमचे ग्रहण आकाशात सापडले आणि मग त्याच्यासाठी मजकुरात जागा शोधली गेली. पेत्र भाकिताची भाषा बोलतो. त्यात वर स्वर्गातली अद्भुते आहेत, खाली रक्त, अग्नी आणि धूर आहेत. त्यातला चंद्र तेवढा पंचांगातला आणि धूर रूपकातला, अशी वाटणी कोणत्या नियमाने करायची? नोंदलेल्या ग्रहणाचे उदाहरण ख्रिस्ती कालगणनेत आहे, पण ते येशूच्या दुसऱ्या टोकाला. हेरोद राजा मरण्यापूर्वी चंद्रग्रहण झाले आणि मेल्यानंतर वल्हांडण आला, असे योसेफस लिहितो. इ. स. पूर्व ४ मध्ये १३ मार्चला ग्रहण होते आणि महिन्याने वल्हांडण. या महिन्यात आजार, मृत्यू, थाटाची अंत्ययात्रा, शोकाचे दिवस, एवढे सगळे मावत नाही म्हणून काहीजण इ. स. पूर्व १ मधले १० जानेवारीचे ग्रहण घेतात. तेही आकाशात खरेच झाले. निवाडा आकाशाने होत नाही. तो हेरोदाच्या मुलांच्या कारकिर्दींच्या हिशेबाने होतो. फिलिप सदतीस वर्षे राज्य करून तिबेरियसच्या विसाव्या वर्षी वारला, अर्खेलाव दहाव्या वर्षी, इ. स. ६ मध्ये, पदच्युत झाला. दोघांचेही आरंभ इ. स. पूर्व ४ कडेच जातात. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे हेरोद जिवंत असताना येशू जन्मला असेल, तर ५२५ साली दिओनिसियस एक्सिगुअस याने मांडलेला इसवी सन मुळातच काही वर्षांनी चुकला, हे बहुतेकांनी यामुळेच स्वीकारले आहे. नोंदलेले ग्रहणही राज्यवर्षांच्या साक्षीशिवाय पुरे पडत नाही, तर न नोंदलेले कसे पडेल?

तेव्हा ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ यांतली निवड पंचांगाच्या हातची नाही. ती दोन आकड्यांवर येते. पहिला, तिबेरियसचे पंधरावे वर्ष. ऑगस्टसच्या मृत्यूपासून मोजले तर बाप्तिस्म्याचे कार्य २८-२९ मध्ये सुरू होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या सेवाकाळात तीन वल्हांडण येतात, ते सगळे त्यानंतर बसवायचे तर ३० फार आखूड पडते आणि ३३ सोयीचे वाटते. दुसरा आकडा पौलाचा. करिंथ येथे गल्लियो या सुभेदारापुढे त्याला उभे केल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि डेल्फी येथे सापडलेल्या क्लॉडियस सम्राटाच्या लेखामुळे गल्लियोचा काळ ५१-५२ असा ठरतो. ख्रिस्ती शास्त्राच्या कालगणनेतली ही सर्वांत भक्कम खुंटी, आणि ती एका शिलालेखाची आहे, चंद्राची नाही. करिंथला जाण्याआधी यरुशलेमची सभा झाली, साधारण ४८-४९ मध्ये. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो, की मनपरिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला आणि पुन्हा चौदा वर्षांनी; ही दुसरी भेट म्हणजेच ती सभा, असे धरतात. तीन अधिक चौदा सतरा. सभेतून वजा केले की मनपरिवर्तन ३१-३२ मध्ये पडते, आणि वध त्याच्या आधी, म्हणजे ३० मध्ये. ३४ साल का टिकत नाही, हेही इथेच दिसते. ३३ साल टिकवायचे असेल तर ही तीन आणि चौदा वर्षे वर्तमान धरावी लागतात, म्हणजे सुरू झालेले वर्षही पूर्ण मोजलेले, आणि दोन्हींच्या टोकांना काही महिनेच असू शकतात. मग सतराची पंधरा होतात आणि ३३ चा शुक्रवार जेमतेम आत येतो. चौदा वर्षे पहिल्या भेटीपासून न मोजता मनपरिवर्तनापासूनच मोजली तर तो आणखी सुखाने आत येतो, पण पौलाच्या वाक्याचा सरळ अर्थ तसा नाही. दुसऱ्या बाजूने तिबेरियसचे वर्ष ऑगस्टससोबतच्या त्याच्या सहराज्यापासून मोजले, तर ३० ची अडचण कमी होते. मात्र तसे मोजल्याचे दुसरे उदाहरण रोमन कागदांत दाखवणे जड जाते. मला पौलाची साक्ष अधिक वजनाची वाटते, कारण तो स्वतःच्या आयुष्याची वर्षे स्वतः, शपथेवर, सांगतो आहे आणि लूक दोन पिढ्यांनंतर कैसराची वर्षे मोजतो आहे. म्हणून मी ७ एप्रिल ३० कडे झुकतो. पण शिरूरच्या लेखात शकाचे वर्ष गत की वर्तमान हा प्रश्न त्याच ओळीतल्या रविवाराने सोडवला. पौलाची चौदा वर्षे गत की वर्तमान, हे सांगायला त्याच्या पत्रात वार नाही.